हिशेबवही अपडेट: रात्रीच्या लाल बिल्डचा छडा लागला

सापडलं! ‘हिशेबवही’ म्हणजे केळीच्या पावत्या आणि हिशेब ठेवणारं माझं पायथॉन ॲप. त्यातली ‘आजचा भाव’ ही टेस्ट (पावतीला त्या दिवसाचा भाव लागतो का, ते आपोआप तपासणारा कोड) मधूनच का फेल होते, ते अखेर कळलं. मागच्या पोस्टवर काहींनी रीरन प्लगइन लावून पुढे जायला सुचवलं होतं. तसं केलं नाही याचं आज फार समाधान आहे, कारण फेल झालेली टेस्ट पुन्हापुन्हा चालवून हिरवी करून घेतली असती तर खरा बग कायमचा गाडला गेला असता.

लक्षणं आठवत असतील: लॅपटॉपवर कायम हिरवी (पास), गिटहब ॲक्शन्सवर, म्हणजे गिटहबच्या मशीनवर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या सेवेवर, कधी हिरवी, कधी लाल (फेल), आणि सकाळी तोच कमिट (कोडची जतन केलेली आवृत्ती) पुन्हा चालवला की हिरवी. फिक्श्चर (टेस्टआधीची तयारी करणारा कोड) तपासले, डेटाबेस दरवेळी नवा केला, पायटेस्ट-रँडमली या प्लगइनने टेस्टचा क्रम बदलून पाहिला. फरक शून्य. शेवटी फक्त लाल रनच्या वेळा कागदावर एकाखाली एक उतरवल्या. सगळ्या रात्री बारा ते पहाटे साडेपाचमधल्या!

साडेपाच दिसलं आणि ट्यूब पेटली. आपण युटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) 5 तास 30 मिनिटं पुढे, आणि गिटहबचा रनर (टेस्ट चालवणारं मशीन) युटीसीवर चालतो. पावती करणारं जुनं फंक्शन तारीख ‘डेट.टुडे’ने घेतं, म्हणजे मशीनची. भावाचा तक्ता मात्र झोनइन्फो या पायथॉनच्या टाइमझोन मॉड्यूलने ‘एशिया/कोलकाता’ची तारीख काढतो. जळगावात 10 मेचे पहाटेचे चार वाजलेले असतात, तेव्हा रनरवर 9 मेचे रात्रीचे साडेदहा. लॅपटॉप भारतीय वेळेवर असल्याने दोन्ही तारखा जुळतात आणि काही कळतच नाही.

हे नुसतं टेस्टचं दुखणं नाही. उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या रावेरकडे ऊन चढायच्या आत केळीची कापणी उरकतात आणि मामांची गाडी पहाटेच वजनकाट्यावर लागते. ॲप युटीसीवरच्या सर्व्हरवर टाकलं असतं, तर त्या पावतीला आदल्या दिवसाचा नवती केळीचा भाव लागला असता. आणि या फाइलचं कव्हरेज किती? 100 टक्के. कव्हरेज फक्त ओळ चालली एवढं सांगतं. तिचं उत्तर बरोबर आलं का, ते सांगत नाही.

आता बग हवा तेव्हा घडवून आणायचा होता. टेस्टपुरतं घड्याळ हव्या त्या वेळेवर थांबवणाऱ्या फ्रीझगन लायब्ररीत ‘10 मे, 04:00’ दिलं, तर टेस्ट हिरवीच! तो दिलेली वेळ युटीसी धरतो, म्हणजे कोलकात्यात साडेनऊ, तारीख तीच. मग त्याच कामाची टाइम-मशीन ही दुसरी लायब्ररी घेतली आणि ‘9 मे, 22:30’ ही वेळ झोनइन्फोच्या युटीसीसकट दिली. भरदुपारी, लॅपटॉपवर, लालभडक! इतका आनंद हिरव्या टेस्टनेही कधी दिला नव्हता. टाइम-मशीन झोनप्रमाणे मशीनचा टाइमझोनही बदलतं, म्हणून यापुढे मी तेच वापरणार. फ्रीझगन वाईट नाही, पण झोन डोळ्यांसमोर लिहिलेला असला की गफलत होत नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती. पण हे लिहितानाच सुचलं की अशा ओळी इतरत्रही असणार. रफ या पायथॉन कोडमधल्या चुका शोधणाऱ्या टूलमध्ये ‘डीटीझेड’ नावाचा नियमांचा गट आहे. झोन न देता घेतलेली तारीख-वेळ तो पकडतो. आत्ताच चालू केला, तर महिन्याच्या उताऱ्यात आणि बॅकअपच्या नावातही तेच निघालं. आता नियम प्री-कमिटमध्येच (कमिट होण्याआधी आपोआप होणाऱ्या तपासणीत) टाकतो, म्हणजे असा कोड कमिटच होणार नाही.

त्यामुळे या आठवड्याचा बेत बदलला. पैशांच्या राउंडिंगचं काम (पायथॉनचा ‘राउंड’ 2.5 चे 2 करतो, ते प्रकरण) थोडं मागे. आधी फंक्शनला घड्याळ बाहेरून द्यायचं, म्हणजे टेस्टमध्ये वेळ पॅच करायची (तात्पुरती बदलायची) गरजच उरणार नाही. मग हायपोथेसिसला (टेस्टसाठी वेगवेगळा डेटा आपोआप बनवणाऱ्या लायब्ररीला) मध्यरात्रीच्या अलीकडच्या-पलीकडच्या वेळा बनवायला लावायच्या. कोणी हायपोथेसिसमध्ये टाइमझोनसकट वेळा बनवल्या असतील, तर तुमची स्ट्रॅटेजी (डेटा कसा बनवायचा ते सांगणारा कोड) खाली टाका. वापसीच्या नोंदी तारखेनुसार मागे जातात आणि तिथे मला ती लगेच लागणार आहे.