तुम्ही विचारलंत म्हणून: हार्डवेअर सिंथ सॉफ्टवेअरच्या मागे का पडतो?

प्रश्न साधारण असा येतो: सिंथ (सिंथेसायझर) लॅपटॉपला जोडला, नोट्स जातात, आवाजही येतो, पण रेकॉर्ड केलं की सगळं किंचित मागे. मिडी, म्हणजे सिंथला कुठला सूर कधी वाजवायचा ते सांगणारे संदेश, क्वांटाइझ केलेलं (ग्रिडवर नेमकं बसवलेलं) असूनही किकवर, म्हणजे बेस ड्रमच्या ठोक्यावर, बसत नाही. सिंथ बिघडलाय का?

बिघडलेला नसतो. उशीर तीन-चार ठिकाणी थोडा थोडा साचतो. त्यातला बहुतेक भाग मोजता येतो आणि मोजला की काढताही येतो. पण लोक न मोजता ट्रॅक कानाने मागेपुढे ढकलत बसतात, आणि दुसऱ्या दिवशी बफर बदलला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधी मिडीची केबल. पाच पिनांच्या जुन्या मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एक बाइट जायला ३२० मायक्रोसेकंद लागतात, एका नोटला तीन बाइट, म्हणजे नोटमागे जवळजवळ १ मिलिसेकंद. नोट्स एकामागून एक जातात, एकदम नाही. सहा सुरांचं कॉर्ड दाबलं तर शेवटचा सूर पहिल्यापेक्षा फार तर ५ मिलिसेकंदांनी मागे राहतो. पॅडसारख्या लांब, संथ आवाजात ते कळतही नाही. त्याच केबलवर पुढे ड्रम मॉड्यूल असेल आणि वरून पिच बेंड (सूर वाकवणं), आफ्टरटच (दाबून धरलेल्या पट्टीवरचा दाब) यांच्या संदेशांचा पाऊस पडत असेल तर मात्र कळतं. ड्रमला वेगळा पोर्ट द्या आणि नको असलेला आफ्टरटच सॉफ्टवेअरमध्येच गाळून टाका.

मग बफर, म्हणजे ऑडिओ पुढे पाठवण्याआधी लॅपटॉप साठवून घेतो तो छोटा तुकडा. तो सॅम्पलमध्ये, म्हणजे ऑडिओच्या एकेका मोजणीत, मोजतात. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे १०.७. आणि हा येताना एकदा, जाताना एकदा, वर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हरचा थोडा आणखी. १० मिलिसेकंद म्हणजे किती, तर तबलजी तुमच्यापासून अकरा फुटांवर बसला तर त्याचा आवाज तुमच्यापर्यंत यायला लागतो तेवढा वेळ. वाजवताना चालून जातं. पण सॉफ्टवेअरमधली किक आणि सिंथचा बेस एकाच ठोक्यावर असले की एका ठोक्याचे दोन ठोके ऐकू येतात.

आता मोजायचं कसं. दोन मोजणी आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत.

पहिली फक्त इंटरफेसची, म्हणजे ऑडिओ लॅपटॉपमध्ये आत-बाहेर नेणाऱ्या डब्याची. आउटपुट ३ मधून इनपुट ३ मध्ये एक केबल लावा. एका ट्रॅकवर क्लिकचा ऑडिओ ठेवा, तो आउटपुट ३ वर पाठवा आणि दुसऱ्या ट्रॅकवर इनपुट ३ रेकॉर्ड करा. त्या दुसऱ्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद हवं. नाहीतर, दोनच आउटपुटचा इंटरफेस असेल तर, आवाज गोल फिरून स्पीकर किंचाळतील. आता दोन्ही क्लिक सॅम्पलच्या पातळीपर्यंत मोठे करून बघा. ड्रायव्हर आपला उशीर खरा सांगत असेल तर ते एकावर एक बसतात. बऱ्याचदा बसत नाहीत, कारण ड्रायव्हर (इंटरफेस चालवणारं सॉफ्टवेअर) थोडी थाप मारतो. समजा ९६ सॅम्पलचा फरक आला. ४८ किलोहर्ट्झला तो २ मिलिसेकंद. एबलटन लाइव्हमध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये ‘ड्रायव्हर एरर कॉम्पेन्सेशन’ आहे, लॉजिकमध्ये ‘रेकॉर्डिंग डिले’, रीपरमध्ये रेकॉर्डिंगच्या पानावर मॅन्युअल ऑफसेट. आकडा तिथे भरा आणि पुन्हा रेकॉर्ड करा. फरक दुप्पट झाला तर चिन्ह उलट पडलंय, बदला. सॅम्पल रेट, बफर किंवा इंटरफेस बदलला की ही मोजणी पुन्हा करायची.

दुसरी मोजणी सिंथची. सोळा नोट्सचा सरळ पॅटर्न करा. सिंथवर अटॅक शून्य, फिल्टर पूर्ण उघडा, एलएफओ, डिले, रिव्हर्ब सगळं बंद. आणि इथे एक गोष्ट हमखास राहून जाते: नोट खालच्या सप्तकातली घेऊ नका. अ‍ॅनलॉग सिंथचे ऑसिलेटर बहुधा मोकळे फिरत असतात. नोट येते तेव्हा लहर कुठल्या टप्प्यावर असेल ते ठरलेलं नसतं. खालचा ई घेतला तर तो ४१ हर्ट्झचा, एक फेरा २४ मिलिसेकंदांचा. लहर कधी शिखरावर सुरू होईल, कधी शून्याजवळून हळूच चढेल, आणि स्क्रीनवर वाटेल की प्रत्येक नोट वेगळ्या वेळी आली. १,००० हर्ट्झच्या आसपासचा सूर घ्या, किंवा नॉइज असेल तर नॉइजच घ्या. अ‍ॅनलॉग बेस ‘कधी टाइट वाटतो, कधी ढिला’ अशी तक्रार येते तिच्यामागेही पुष्कळदा हेच असतं. ऑसिलेटर सिंक किंवा फेज रीसेटचं बटण असेल तर बेससाठी ते चालू करून ऐका.

सोळा नोट्स रेकॉर्ड झाल्या की प्रत्येकीचं ग्रिडपासूनचं अंतर लिहून काढा. आकडे २९०, ३०५, २९८, ३११ असे आले तर सरासरी ३०१ सॅम्पल, साधारण ६.३ मिलिसेकंद. हा कायमचा उशीर, तो लाइव्हच्या ‘एक्स्टर्नल इन्स्ट्रुमेंट’मधल्या हार्डवेअर लेटन्सीच्या खान्यात जातो. आकडे १५० पासून ६०० पर्यंत उड्या मारत असतील तर तो जिटर, आणि कुठल्याही खान्यात आकडा भरून तो जात नाही. तेव्हा सिंथ यूएसबी हबवर आहे का बघा आणि थेट लॅपटॉपला लावा, नाहीतर इंटरफेसवरच्या पाच पिनांच्या मिडीवरून नोट्स पाठवून परत मोजा. एवढं करूनही उड्या थांबल्या नाहीत तर ऑडिओ रेकॉर्ड करून हाताने ओढा. त्यात कमीपणा काही नाही.

हाताने वाजवून रेकॉर्ड करताना ही कॉम्पेन्सेशन, म्हणजे आकडे भरून केलेली भरपाई, काही कामाची नाही. तेव्हा सिंथ सॉफ्टवेअरमधून ऐकूच नका. इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग (लॅपटॉपमधून न फिरवता थेट ऐकणं) चालू, ट्रॅकचं बंद. दोन्ही चालू राहिली तर फ्लँजर लावल्यासारखा पोकळ आवाज येतो. मास्टरवरचे लिमिटर आणि लिनिअर फेज ईक्यू रेकॉर्डिंगपुरते काढून ठेवा. ते पुढचं बघून काम करतात म्हणून सगळ्याच ट्रॅकना थांबवून धरतात.

सिंथचा कीबोर्ड वापरून सॉफ्टवेअरमधून परत त्याच सिंथला मिडी पाठवत असाल तर सिंथवर ‘लोकल ऑफ’ करा, म्हणजे त्याचा कीबोर्ड स्वतःचा आवाज थेट वाजवणार नाही. नाहीतर एकच नोट दोनदा वाजते, एकदा बोटाने, एकदा सॉफ्टवेअरने. चार व्हॉइसच्या, म्हणजे एका वेळी चारच सूर वाजवणाऱ्या, सिंथला मग तीन सुरांचं कॉर्डही पेलत नाही आणि दोष पॉलिफनीला (एकदम किती सूर वाजतात त्याला) दिला जातो.

क्लॉकबद्दल, म्हणजे सिंथला टेम्पो कळवणाऱ्या मिडी संदेशांबद्दल, माझं मत सरळ आहे: गरज नसेल तर पाठवू नका. नोट्स सॉफ्टवेअरमधूनच जात असतील तर सिंथला टेम्पो कळायची गरज नसते. सिंथचा अर्पेजिएटर (कॉर्डचे सूर आपोआप एकेक वाजवणारा), सीक्वेन्सर किंवा टेम्पोवर चालणारा डिले वापरायचा असेल तेव्हाच क्लॉक द्या, आणि यूएसबी किंवा डिन (पाच पिनांचं सॉकेट) यांपैकी एकाच वाटेने द्या. दोन्हीकडून गेलं तर काही सिंथ दुप्पट वेगाने पळतात, काही अडखळतात. गाण्याच्या सुरुवातीला एक माप रिकामं सोडा. स्टार्टचा संदेश मिळाल्यावर पहिल्या ठोक्याला सिंथ बऱ्याचदा गडबडतो.

मिडी क्लॉक बीटमागे २४ ठोके देतं. १२० च्या टेम्पोला दर २०.८ मिलिसेकंदांनी एक. हा २४ चा आकडा मिडीच्याही आधीचा. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलंडची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ घेऊन राग रेकॉर्ड केले तेव्हा मिडी आलेलंच नव्हतं, ते आलं १९८३ मध्ये. ३०३ आणि ८०८ वर यंत्रं एकाच टेम्पोत चालवायला डिन सिंक होतं, तेही बीटमागे २४ चं. सॉकेट दिसायला मिडीसारखंच, आतले सिग्नल वेगळे. जुनं ड्रम मशीन कुणी विकत असेल तर ते सॉकेट मिडीचं समजून पैसे मोजू नका.

उशीर नाहीच, नोटच जात नाही, असंही विचारतात. सिंथवर मिडीसाठी छोटा ३.५ मिलिमीटरचा जॅक असेल तर आधी अ‍ॅडॅप्टरवर संशय घ्या. त्याच्या जोडणीचे दोन प्रकार आहेत, ए आणि बी, आणि त्यांत टिप (जॅकचं टोक) आणि रिंगची (त्यामागची कडी) अदलाबदल असते. २०१८ मध्ये ए प्रमाण ठरला, पण त्याआधीची बी प्रकारची यंत्रं बाजारात भरपूर आहेत. चुकीच्या अ‍ॅडॅप्टरने सहसा काही जळत नाही, फक्त शांतता असते.

याच आकाराच्या जॅकची दुसरी फसगत ऑडिओत होते. कॉर्गच्या वोल्कासारख्या यंत्राला हेडफोनचा ३.५ मिलिमीटरचा आउटपुटच असतो. लोक एका टोकाला स्टीरिओ मिनी जॅक आणि दुसऱ्या टोकाला एकच मोठा स्टीरिओ जॅक असलेली केबल घेतात आणि इंटरफेसच्या बॅलन्स्ड इनपुटात घालतात. तो इनपुट टिपमधून रिंग वजा करतो. डावी-उजवीकडे सारखाच आवाज असेल तर वजाबाकी शून्य: हेडफोनवर दणदणीत, रेकॉर्डिंगमध्ये कुजबुज. एका बाजूला स्टीरिओ मिनी जॅक आणि दुसऱ्या बाजूला दोन मोनो मोठे जॅक अशी वाय केबल घ्या. मोठ्या सिंथवर एकच केबल लावणार असाल तर ‘एल/मोनो’ लिहिलेल्या जॅकमध्येच लावा.

राहिली घूं घूं. यूएसबी लावल्याबरोबर बारीक शिट्टी येते आणि माउस हलवला की तिचा सूर बदलतो, तर तो ग्राउंड लूप. लॅपटॉप, सिंथ आणि इंटरफेस यूएसबीच्या आणि ऑडिओच्या अशा दोन वाटांनी जमिनीला जोडले गेलेले असतात. पाच पिनांच्या मिडीत मध्ये ऑप्टोकपलर असतो, विजेचा थेट सांधा नसतो, म्हणून नोट्स त्यावरून पाठवून यूएसबी काढली की बहुतेक वेळा शिट्टी जाते. यूएसबी हवीच असेल तर ऑडिओच्या वाटेत ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (विजेचा थेट सांधा तोडून आवाज पुढे नेणारा डबा) घाला. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघा. पण थ्री पिनची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आवाज जातो खरा, पण कुठे गळती झाली तर करंट सिंथच्या पत्र्यात येतो आणि तिथून तुमच्या बोटात.