आमची वाटचाल: बी, बोर्मा आणि बेळगावची पाकळी

वेंगुर्ल्याच्या नावाने देशभर जेवढा काजू विकला जातो तेवढा सगळा खरंच इथला असता, तर आम्हाला समुद्रातसुद्धा कलमं लावावी लागली असती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे थोडा राग येणार आहे.

२००४ साली घराच्या पडवीत काजूची बी फोडायचे दोन कटर मांडून सुरुवात केली. मी, बायको आणि काकी. भांडवल आमचं, विद्या काकीची. ड्रममध्ये बी भाजायच्या काळापासून ती दुसऱ्यांच्या कारखान्यात जायची. टरफलातल्या चिकाने तिच्या बोटांची टोकं कायमची काळी पडली होती. पहिल्या दिवशी तिने बायकोच्या हाताला आधी खोबरेल लावलं, वर राख चोळली आणि मगच कटरवर बसू दिलं. हातमोजे आणले होते, ते तिने खुंटीला टांगून ठेवले. मोज्यातून बीची कूस लागत नाही म्हणे.

कटर म्हणजे तेच, पायाने दाबायचं आणि हाताने दांडा उचलायचा. दोन वाकडी पाती, मध्ये बी. पण पात्यांमधलं अंतर बीच्या आकाराप्रमाणे बांधावं लागतं. सात नंबरची, म्हणजे वेंगुर्ला-७ या कलमी जातीची बी १० ग्रॅमच्या आसपास, चार नंबरची पावणेआठ आणि गावठी त्याच्या निम्मी. सगळी एकाच पात्याखाली घातलीत तर अर्धा गर पाकळी होऊन, म्हणजे उभा दुभंगून बाहेर येतो. म्हणून आधी जाळीच्या ड्रममधून बी वेगळी करायची, मग वाफ द्यायची, मग रात्रभर पसरून गार होऊ द्यायची. घाईने गरम बी फोडणारे पुष्कळ आहेत. त्यांचा गर पिवळट दिसतो आणि ते दोष बीला देतात.

बोर्मा म्हणजे गर सुकवायची भट्टी, तिच्यावर तर काकीचा जीव. आमचा पहिला बोर्मा विटा आणि पत्र्याचा होता, खाली टरफलाचाच जाळ. खालचे ट्रे लवकर तापतात, वरचे मागे राहतात, म्हणून ते फिरवत राहायचं. गरातलं पाणी चार टक्क्यांखाली आलं पाहिजे, नाहीतर साल सुटत नाही. जास्त सुकला तर सोलतानाच मोडतो. आता विजेवरचा आहे, काटा आहे. तरी काकी ट्रेमधला एक गर दाताखाली घेऊन आवाज ऐकते आणि मग काट्याकडे बघते.

त्यानंतर बॉयलर आला, शेड झाली, बायका वाढल्या. बरं चाललं होतं.

२०२० वर येतो. आमच्या धंद्यात वर्षाची बी फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत घ्यावी लागते. कर्ज सगळं त्याच वेळी उचललेलं, पैसा पोत्यांत अडकलेला. मार्चच्या शेवटी सगळं बंद झालं तेव्हा खळ्यात बी अर्धी सुकलेली, गोदामात ८० किलोच्या पोत्यांची थप्पी छपरापर्यंत. मालवणची पर्यटकांची दुकानं बंद, गोवा बंद, मिठाईची दुकानं बंद. बायकांना आणायला टेम्पो नाही. आणि दारात शेतकरी उभे, कारण त्यांच्या झाडाखाली बी पडतच होती. बी थांबत नाही.

शेजारच्या वाडीतल्या एका कारखानदाराने तेव्हा मिळेल त्या पडत्या भावाने बी उचलली. नाव लिहीत नाही, तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही ज्यांना शब्द दिला होता त्यांची बी ठरल्या भावाने घेतली. याचं कौतुक कुणी करावं म्हणून सांगत नाही, पण पुढे काय झालं ते सांगितलं पाहिजे. चतुर्थीच्या तोंडावर त्याने आगाऊ रक्कम देऊन आमच्या तीन कटरवाल्या नेल्या. तिघीही काकीच्या हाताखाली शिकलेल्या. मग दिवाळीला त्याने बाजारात वेंगुर्ला लिहिलेली पाकिटं आमच्यापेक्षा स्वस्त आणली. आतला गर आफ्रिकेच्या बीचा होता. त्यात गुन्हा नाही. आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानियाची बी देशभरचे कारखाने फोडतात, तिच्यावाचून वर्षभर काम पुरत नाही. पण मग पाकिटावर तसं लिहा ना! जहाजात आणि गोदामात महिने काढलेल्या बीच्या गराला तो गोडवा येत नाही. आम्हाला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी हा खेळ थांबलेला नाही. ज्या दुकानदारांना मी वर्षानुवर्षं उधारीवर माल दिला, त्यांनी तीच पाकिटं पुढे मांडली आणि मला म्हणाले, गिऱ्हाइकाला कुठे कळतं.

एका गिऱ्हाइकाला कळत होतं. बेळगावचे एक मिठाईवाले शेठ. पहिल्यापासून फक्त पाकळी घेतात, अखंड कधीच नाही. कतलीत वाटायचाच आहे तर अखंडाचे पैसे कशाला, हा त्यांचा हिशेब. डबा उघडला की ते आधी वास घेतात, मग एक पाकळी अंगठ्याच्या नखाने मोडतात आणि पांढऱ्या कागदावर घासतात. कागदाला तेलाचा डाग लगेच उठला तर डबा परत. आमचे दोन डबे त्यांनी असे परत केले आहेत, तरी माणूस मला प्रिय आहे. एप्रिलमध्ये, स्वतःचं दुकान बंद असताना, त्यांचा फोन आला. ‘दिवाळीची पाकळी माझ्या नावावर लिहून ठेवा,’ म्हणाले, आणि पैसे आगाऊ पाठवले. त्या पैशांतून बँकेचा हप्ता गेला. गर सोलायला आम्ही बायकांच्या घरोघरी डबे पोचवले, काकी मोटारसायकलवर मागे बसून तपासायला फिरली. कारखाना त्यावर तगला.

शेजाऱ्यांनी पुढे रंग ओळखून गर वेगळा करणारं यंत्र घेतलं. काकी ते बघायला मुद्दाम गेली होती. परत आल्यावर म्हणाली, ‘डोळे बरे असत त्येचे, पण बोटां खंय असत?’

नवीन कारखाना काढायला निघालेल्या पोरांना सांगतो, अनुदान मिळतं म्हणून आधी यंत्र घेऊ नका. आधी खळं करा, मोठं आणि उन्हातलं. बी घेताना मूठभर हलवून ऐका. सुकलेली वाजते, भिजवून वजन वाढवलेली गप्प बसते. शंभर बिया फोडून बघितल्याशिवाय भाव बोलू नका. इथल्या चांगल्या कलमाचा उतारा, म्हणजे बीच्या वजनातला गराचा वाटा, तीस टक्क्यांच्या घरात जातो, त्याहून फार जास्त सांगणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. बागायतदारांना एवढंच, बोंडू, म्हणजे बी लागते ते काजूचं फळ, पिकून पडू द्या. झाडावरून ओरबाडलेल्या बीचा गर सुरकुततो. मोहोरावर ढेकण्या हा रस शोषणारा किडा दिसला तर फवारणीला शेजाऱ्याची वाट बघू नका.

आणि खाणाऱ्यांनो, ३२० नंबर म्हणजे पौंडाला तीनशे ते ३२० गर, १८० म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास. मोठा म्हणजे चवदार असं नव्हे. पुलावात आणि कतलीत पाकळीच घाला, पैसे वाचवा. पावसाळ्यात डबा घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा.

यंदा सात नंबरची बी कमी आली, अवकाळी पावसाने मोहोर काळा पडला होता. ऑर्डर आधी सांगितलीत तर बरं. दुपारी दीड ते तीन फोन उचलला जाणार नाही, ट्रे फिरवायची वेळ असते.