हे कुठलं?

दसरा चौकातल्या राजर्षी शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात निसर्गचित्रांचे प्रदर्शन लागले, की आत येणाऱ्या कोल्हापूरकराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. जलरंग की तैलरंग, चित्रकार कुणाचा शिष्य, किंमत काय, हे सगळे नंतर. आधी चित्रापुढे उभे राहायचे, हात पाठीमागे बांधायचे, मान थोडी तिरकी करायची आणि सोबतच्याला, सोबत कोणी नसेल तर भिंतीला, विचारायचे, "हे कुठलं?" उत्तर चौकटीखाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर छापलेले असते, पण चिठ्ठी वाचणे म्हणजे हार पत्करणे. "रंकाळा न्हवं ओ, कळंबा हाय ह्यो," असे कोणीतरी ठणकावून सांगते, दुसरा लगेच रंकाळ्यातल्या संध्यामठाची खूण दाखवतो, आणि मग चित्र राहते बाजूला व कुठल्या बोळातून काठावर उतरायचे यावर दोघांची चांगली पाच मिनिटे जुंपते. ज्याने उन्हात तीन तास बसून ते चित्र काढलेले असते, तो कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून हे सारे ऐकत असतो आणि बहुधा मोबाईलमध्ये तोंड घालतो.

मी एका महाविद्यालयात हिशेबशास्त्र शिकवतो. चित्रकलेशी माझा अधिकृत संबंध शाळेतल्या एलिमेंटरी परीक्षेपाशी संपला, आणि तिथेही 'सी' श्रेणी मिळाली होती. तरीही गेली कित्येक वर्षे संध्याकाळी घरी जाताना मी कलादालनात डोकावल्याशिवाय पुढे जात नाही. याला रसिकता म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. वाटेत पडते, तिकीट नसते आणि उन्हाळ्यात पंखा असतो, ही खरी कारणे. चौकाच्या भोवती बोर्डिंगे आहेत, तिथे राहणारी पोरेही बहुधा याच कारणांसाठी येत असावीत. शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा बोर्डिंगपासून सुरुवात केली आणि पुढे एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करवली, त्यामुळे या गावाला वसतिगृहांची जननी म्हणतात. राजाराम महाविद्यालय १८८० पासूनचे आणि शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. म्हणजे बाहेरगावची पोरे ट्रंक घेऊन इथे उतरण्याची रीत चांगली सव्वाशे वर्षांची आहे. त्यांतली काही 'दळवीज' आणि 'कलानिकेतन' या चित्रकला महाविद्यालयांत जातात. काळ्या रेक्झिनच्या फोल्डरात ड्रॉइंग बोर्ड कोंबून दुचाकीवर मागे बसलेला मुलगा दिसला, की समोरून वारा आला तर हा पोरगा शिडासारखा उडेल, असे मला दर वेळी वाटते.

उद्घाटनाच्या दिवशी मी जात नाही. समई, फीत, प्रमुख पाहुणे, आणि "हे कोल्हापूर नव्हे, कलापूर आहे" हे वाक्य, जे एका पाहुण्याने विसरले तर दुसरा आवर्जून म्हणतो. त्या दिवशी चित्रांकडे पाठ करून उभे राहिलेल्या माणसांचीच प्रदर्शनात गर्दी असते. खरे प्रदर्शन मंगळवारी दुपारी चारला पाहावे. तेव्हा नायलॉनच्या दोऱ्यांवर टांगलेल्या चौकटी, त्यांच्या काचेत पडलेले दिव्यांचे आणि आपल्याच चष्म्याचे प्रतिबिंब, अर्धा चहा उरलेला कागदी पेला आणि चित्रकार, एवढेच तिथे असते. चित्रकाराला आपण दिसलेलो असतो, आपल्याला तो दिसलेला असतो, आणि दोघेही एकमेकांना न पाहिल्यासारखे करतात. मग दाराजवळची अभिप्राय वही. तिच्यात पानोपानी 'अप्रतिम' आणि 'खूपच छान, असेच काढत राहा' असे लिहिलेले असते. मी एकदा तिच्यात मोठ्या उत्साहाने 'हुबेहूब फोटोच!' असे लिहिले होते. माझ्यादेखत चित्रकाराने ते वाचले, वही मिटली आणि पेनाला टोपण लावले. यात आपले नेमके काय चुकले, हे उमगायला मला पुढे दोन वर्षे लागली.

'हे कुठलं?' या प्रश्नावर त्या काळात माझा राग होता. अरसिकांचा प्रश्न, असे मी ठरवून टाकले होते. मग मला आबालाल रहमान आठवू लागले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आलेला हा माणूस शाहू महाराजांचा दरबारी चित्रकार होता. बाहेर नाव काढावे म्हणून हातपाय मारण्यापेक्षा तो कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहिला आणि तेच पाणी, तीच झाडी, रंकाळा, पंचगंगा वेगवेगळ्या प्रहरांच्या उजेडात रंगवत राहिला. १९२२ साली महाराज गेले आणि त्यानंतर आबालालांनी आपली ढीगभर चित्रे कोटितीर्थातच बुडवली, असे गावात सांगतात. १९३१ साली तेही गेले. तळ्याची चित्रे तळ्यातच गेली, ही कथा खरी असो वा गावाने रचलेली असो, तिच्यात जागेला इतके महत्त्व आहे, की तिच्यावर वाढलेल्या गावाने चित्रापुढे उभे राहून आधी जागा विचारली तर त्याला अरसिक म्हणणे जरा घाईचेच होईल. बाबूराव मेस्त्री यांनी नाटकांचे पडदे रंगवले, चित्रे काढली, कॅमेरा जुळवून मूकपट काढले, आणि लोकांनी त्यांचे आडनावच 'पेंटर' करून टाकले. सिनेमात राजांच्या भूमिका करणारे नट चंद्रकांत मांडरे यांची निसर्गचित्रे राजारामपुरीतल्या त्यांच्या घरात झालेल्या संग्रहालयात आहेत. त्या चित्रांपुढे उभ्या राहिलेल्या एका आजींना मी "ह्यो रस्ता आता रुंद केलाय," असे खेदाने म्हणताना ऐकले आहे.

या प्रश्नाची खरी कसोटी लागली ती मात्र अमूर्त चित्रांपुढे. बाहेरून आलेल्या एका चित्रकाराचे प्रदर्शन होते आणि शनिवारी संध्याकाळी 'चित्रकाराशी गप्पा' असा कार्यक्रम ठेवला होता. चाळीसेक खुर्च्या भरल्या होत्या, त्यांतल्या तीस हजेरीच्या धाकाने. चित्रकार सज्जन होते, पण माईक हातात येताच ते 'अवकाश', 'अंतर्मनाचा शोध' आणि 'रंगांची अनाहत भाषा' असे बोलू लागले. बोलताना त्यांचा स्वतःचाच चेहरा कंटाळलेला दिसत होता. हे शब्द त्यांचे नव्हते, प्रदर्शनाच्या पत्रकातले होते. वीस मिनिटांनी प्रश्नांसाठी वेळ दिला तेव्हा नेहमीप्रमाणे सगळे एकमेकांकडे पाहू लागले, आणि संयोजकांनी आभाराचा कागद खिशातून काढलासुद्धा.

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. पहिल्या वर्षाची असावी; नखांत कोळशाची काळी रेघ होती. तिने विचारले, "सर, तो डाव्या कोपऱ्यातला पिवळा ओला असतानाच खरवडलाय, का वाळल्यावर?"

चित्रकारांनी माईक खाली ठेवला. व्यासपीठावरून उतरून ते थेट त्या कॅनव्हासपाशी गेले, मुलीला पुढे बोलावले आणि पुढचा अर्धा तास आम्ही सगळे खुर्च्या सोडून त्यांच्याभोवती कोंडाळे करून उभे होतो. पिवळा आधी नव्हताच, तिथे हिरवा होता आणि तो तीन आठवडे त्यांना छळत होता. शेवटी वैतागून त्यांनी त्यावर पिवळा ओढला, तो अर्धवट सुकला असताना मुलाच्या तुटक्या प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडला, आणि खालचा हिरवा रेघारेघांनी वर आला. "नाइफनं ही कड येत नाही, नाइफ फार गुळगुळीत चालते," असे सांगताना त्यांचा हात हवेत पट्टी ओढत होता. मघाचा माणूस कुठे गेला होता कोण जाणे. चित्राचा अर्थ विचारला की चित्रकार पत्रक वाचू लागतात आणि पट्टी कुठली ते विचारले की बोलू लागतात, हे मी तेव्हापासून पुष्कळदा पाहिले आहे. माझ्या विषयाचेही तसेच आहे. नफ्याचे तत्त्वज्ञान विचारले तर मी पाठ्यपुस्तकासारखा बोलेन. पण ताळेबंदात तीन रुपयांचा फरक का राहतो, ते विचारून पाहा.

आणि मग, मला ज्याची भीती होती तेच झाले. धोतर-टोपीतले एक गृहस्थ, बहुधा शेजारच्या सभागृहातल्या दुसऱ्या कार्यक्रमाला आलेले, मान तिरकी करून म्हणाले, "पण हे कुठलं म्हणायचं?" मुले खुदकन हसली. चित्रकार मात्र हसले नाहीत. ते चित्राकडे जरा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "काका, खानदेशात आमच्या घरासमोर जिनिंगची भिंत होती. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ यायचं, उन्हाळ्यात चुना मारायचे, पुन्हा शेवाळ यायचं. मला वाटतं ती असावी." काकांनी समाधानाने मान हलवली आणि शेजाऱ्याला सांगितले, "खानदेश हाय." पत्रकात त्या भिंतीचा कुठे उल्लेख नव्हता. माझा अंदाज असा, की त्या क्षणापर्यंत ती चित्रकारांनाही दिसली नव्हती. पण हा माझा अंदाज.

बोलण्यापेक्षा हाताने सांगणे या लोकांना बरे जमते, म्हणून गप्पांपेक्षा प्रात्यक्षिकाला गर्दी होते. जानेवारीत टाऊन हॉलच्या बागेत 'रंगबहार' या कलासंस्थेची 'मैफल रंगसुरांची' भरते. एकीकडे गाणे चालू असते, दुसरीकडे झाडांखाली कोणी जलरंगात, कोणी मातीत काम करत असते, आणि माणसे भेळेच्या गाडीभोवती जमावीत तशी एकेका इझेलभोवती जमतात. एका वर्षी व्यक्तिचित्रासाठी फेटा बांधलेले, पांढऱ्या मिशांचे एक मामा स्टुलावर बसले होते. चित्रकाराने आधी रुंद ब्रशने दोन-तीन मळकट रंगांचे ठोकळे मांडले: फेट्याचा एक, गालाच्या सावलीचा एक, मानेखालच्या अंधाराचा एक. अर्धा तास झाला तरी नाक नाही, डोळे नाहीत. माझ्याजवळ उभा असलेला रिक्षावाला अस्वस्थ झाला होता. "डोळं कवा काढणार?" त्याला पाठमोऱ्या चित्रकारानेच उत्तर दिले, "सगळ्यात शेवटी. आधी डोकं तर बसू दे खांद्यावर." मग एकदम गालाच्या हाडावर तांबूस रंगाचा एकच फटकारा पडला आणि ते ठोकळे माणूस झाले. आमच्यातून "हा..." असा हुंकार निघाला. तिकडे गाणाऱ्याने नेमकी तेव्हाच सम गाठली होती, तेव्हा तो हुंकार आपल्यालाच होता असे त्याला वाटले असल्यास आश्चर्य नाही. विश्रांतीत मामा कंबर धरत उठले, चित्रासमोर आले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "नाक आमच्या थोरल्या भावाचं काढलंय." भाऊ जाऊन सहा वर्षे झाली होती, हे त्यांनी नंतर चहा पिताना सांगितले.

यानंतर मी एक चित्र विकत घेतले. किंमत विचारणे हाच मोठा अवघड प्रकार. शेवटी मी दाराजवळच्या किमतीच्या यादीवरून नजर फिरवताना चुकून सापडल्यासारखा तो आकडा शोधला, चित्रकार सरांनी चौकटीवर विकले गेल्याची लाल टिकली चिकटवली आणि मला उगाचच कुणाची तरी सोयरीक ठरवून आल्यासारखे वाटले. चित्र जलरंगातले, हातभर रुंदीचे, पंचगंगा घाटाचे. पूर ओसरतानाचा घाट आहे. दीपमाळा कमरेपर्यंत पाण्यात, मागे शिवाजी पुलाच्या कमानी धुक्यात पुसट, आणि पाण्यावर जिथे उजेड आहे तिथे रंगच लावलेला नाही, कागद तसाच कोरा सोडला आहे. "पांढरा लावायचा नसतो, राखायचा असतो," असे सरांनी चित्र वर्तमानपत्रात गुंडाळताना सांगितले. २०१९ चा महापूर ज्याने पाहिला आहे त्याला ते गढूळ पाणी ओळखायला चिठ्ठी लागत नाही. घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभा राहतो आणि विचारतो. मी मोठ्या रुबाबात सांगतो, "घाट."

एका पाहुण्याने मात्र पंचाईत केली. त्यांचे बालपण घाटाजवळच्या शुक्रवार पेठेत गेलेले. त्यांनी दोनदा मान तिरकी केली आणि म्हणाले, "घाट आहे खरा, पण ही दीपमाळ इथं नाही." मी वाद घातला. मग सरांनाच गाठून विचारले, तर ते अजिबात न संकोचता म्हणाले, "होय, डावीकडं सरकवली दोन हात. तिथं होती तशी ठेवली असती, तर पुलाच्या कमानीवर आली असती आणि दोन्ही मेल्या असत्या." घराच्या नकाशात खांब सरकवावा तितक्या सहज त्यांनी शेकडो मणांचा दगड हलवला होता.

गेल्या रविवारी सकाळी मी मुद्दाम घाटावर गेलो. पाणी पायऱ्यांच्या खाली उतरले होते. सर जिथे बसले असतील ती पायरी मी शोधली, बसलो, आणि पाहतो तर खरी दीपमाळ थेट कमानीवर आलेली. ती मला चक्क चुकीच्या जागी उभी केलेली वाटली. एक डोळा मिटून, मान हलवून मी तिला डावीकडे सरकवण्याचा प्रयत्न करत होतो, तेव्हा माझ्या खालच्या पायऱ्यांवर कला महाविद्यालयाची पाच-सहा मुले मांडीवर बोर्ड घेऊन रेखाटत बसली होती. त्यांच्याजवळ धुणे आपटणारी एक बाई हात थांबवून, पदराने कपाळ पुसून एका मुलाच्या बोर्डावर वाकली. तिने मान तिरकी केली.

"कुठलं काढायलास रं पोरा?"

पोराने मान वर न करता पेन्सिलीने तिच्याच बादलीकडे बोट दाखवले.