ज्याचा मालकच नाही, त्याची सही कुठून आणू?

अमेरिकी लेखक झेन ग्रेच्या ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ या कादंबरीवरून आम्ही शिकागोत क्वीअर बर्लेस्कचा, म्हणजे बाई-पुरुषाच्या ठरीव चौकटी मोडणाऱ्या, गाणी, विडंबन आणि कपडे उतरवत जाणारा नाच असलेल्या खेळाचा, प्रयोग केला. संहिता, तालमी, कपडेपट सगळं झरझर झालं. अडलं ते एका नाट्यगृहाच्या ऑफिसात, फॉर्मच्या एका रकान्यावर: ‘मूळ साहित्याच्या हक्कधारकाचं नाव, फोन आणि सही’.

हक्कधारक कुणीच नाही! कादंबरी १९१२ची. अमेरिकी कायद्याप्रमाणे तिची ७५ वर्षांची मुदत १९८७ अखेर संपली आणि तेव्हापासून ती सगळ्यांची झाली. ग्रे वारला १९३९ साली, त्यामुळे आपल्याकडेही ती केव्हाच मोकळी झाली आहे. रकान्यात ‘पब्लिक डोमेन’ लिहिलं, तर ऑनलाइन फॉर्म पुढे सरकेना, त्याला फोन नंबर हवाच. रकाना रिकामा सोडला की लाल चौकट. ऑफिसात विचारलं, तर ‘विमा कंपनीला विचारा’. विमा कंपनी म्हणे, ‘नाट्यगृहाने मंजूर केलं की आम्ही बघू’. तोवर तारीख पक्की नाही, म्हणून तिकीटविक्री बंद. आमच्यातल्या दोघींनी नोकरीतून रजा काढून ठेवलेल्या, बँडवाले रोज विचारणार, आणि मी तेच वाक्य पुन्हा नव्या माणसाला सांगत बसलेली. अजून आठवलं की डोकं तापतं.

शेवटी तिथल्या एका गृहस्थांनी सुचवलं, ‘लेखकाच्या वारसांकडून एक पत्र आणा ना, विषय संपेल.’ मी साफ नाही म्हटलं, आणि तुम्हीही म्हणा. जे सगळ्यांचं आहे त्यासाठी एकदा परवानगी मागितली, की पुढच्या प्रत्येक गटाकडे तेच पत्र मागणार. शिवाय आमच्या प्रयोगात काय आहे हे वाचून कुणी ‘नको’ म्हटलं असतं तर? ज्याला नाही म्हणायचा हक्कच नाही, त्याच्या हाती आपलं नाटक द्यायचं?

गाडी हलली ती कागदांनी. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या, हार्पर प्रकाशनाच्या १९१२च्या आवृत्तीचं शीर्षकपान आणि त्यामागचं पान, दोन्हींचे फोटो. पुस्तकाचे हक्क शिल्लक आहेत का ते कसं तपासायचं, हे सांगणारं अमेरिकी कॉपीराइट ऑफिसचं २२ क्रमांकाचं परिपत्रक, नेमका परिच्छेद पिवळा करून. आणि आमच्या सहीचं एक पान: आम्ही फक्त याच छापील मजकुरावर काम केलं आहे, दावा आलाच तर जबाबदारी आमची. हे तिन्ही घेऊन थेट व्यवस्थापकांच्या टेबलावर गेले. त्यांनी वाचलं, फॉर्म स्वतः उघडून घेतला आणि त्या रकान्यात ‘लागू नाही’ टाकलं. इतकंच करायचं होतं!

त्या सहीच्या पानातला ‘फक्त’ खरा असू द्या. या कादंबरीवर १९१८ पासून १९९६ पर्यंत सिनेमे झालेत. उशिराच्या सिनेमातला एखादा प्रसंग नकळत उचलला, तर तो मोकळा नसतो. आम्हाला तशी गरजच पडली नाही, पुस्तकातच सगळं आहे. १८७१चा दक्षिण युटा, काळ्या चामड्यातला पिस्तूलबाज लॅसिटर, त्याच्या पिस्तुलांवर हात ठेवून ‘ही दे’ म्हणणारी नायिका जेन. आमच्याकडे दोघीही बाया, आणि कमरेचा पट्टा सुटायला एक अख्खं गाणं लागतं. मुखवट्यातला घोडेस्वार गोळी लागून पडतो आणि ती मुलगी निघते, हेही ग्रेनेच लिहिलंय. आम्ही एवढंच केलं की मुखवट्याखाली आणखी एक मुखवटा ठेवला.

‘अभिजात कादंबरीचा हा काय खेळ मांडलाय’ म्हणणाऱ्यांना मी इंग्लंडची बर्लेस्क नटी लिडिया थॉम्प्सनचं नाव सांगते. १८६८ साली ती आपली मंडळी घेऊन न्यूयॉर्कला आली आणि पुरुषांच्या भूमिका बायकांनी करून तिथल्या रंगभूमीवर खळबळ उडवली. म्हणजे ग्रेच्या गोष्टीतला काळ आणि बर्लेस्कचा अमेरिकेतला काळ एकच. आणि मी तर बालगंधर्वांच्या शालूचं कौतुक करणाऱ्या घरातली. मला यात परकं काहीच वाटलं नाही.

एक राहिलंच. खरी परवानगी लागते ती संगीताला. नाट्यगृहाकडे गाण्यांचा सरसकट परवाना असतो, पण गाण्यातून गोष्ट पुढे सरकत असेल तर तो पुरत नाही, वेगळे ‘ग्रँड राइट्स’, म्हणजे गाणं नाटकाचा भाग म्हणून सादर करायचे हक्क, घ्यावे लागतात. आम्ही सगळी गाणी नवी लिहून घेतली आणि बँडशी लेखी करार केला. तो करार पहिल्या तालमीआधी करा.