हॅम्प्टन कोर्टचं रिअल टेनिस: बघायला आणि खेळायला जाणाऱ्यांसाठी

लंडनला पाहुणे आले की हॅम्प्टन कोर्ट पॅलेस ठरलेलाच असतो, हेन्री आठव्याचं स्वयंपाकघर, मेझ, बागेत फोटो आणि परत. पण त्याच आवारात बागेच्या बाजूला एक टेनिस कोर्ट आहे, 1620च्या दशकात बांधलेलं, आणि ते नुसतं जपून ठेवलेलं नाहीये तर तिथे क्लबचे मेंबर आजही रिअल टेनिस, म्हणजे आताच्या लॉन टेनिसच्या आधीचा मूळ खेळ, खेळतात. रॉयल टेनिस कोर्ट म्हणतात त्याला. माझं म्हणणं एवढंच आहे की राजवाड्याच्या दहा खोल्या कमी बघा पण इथे अर्धा तास तरी बसा, आणि तेही खेळ चालू असताना.

आधी कसं जायचं ते सांगतो. वॉटर्लूहून हॅम्प्टन कोर्टला थेट ट्रेन आहे, साधारण 35-40 मिनिटं लागतात, झोन 6 मध्ये येतं त्यामुळे ऑयस्टर किंवा कॉन्टॅक्टलेस चालतं. स्टेशनातून बाहेर पडलं की थेम्सवरचा पूल ओलांडायचा, समोरच पॅलेस. हाउन्स्लो, हीथ्रोच्या बाजूला राहणाऱ्या आपल्या लोकांनी लंडनमध्ये जाऊन उलटं यायची अजिबात गरज नाही, 111 नंबरची बस थेट येते. तिकीट ऑनलाइन काढा. आणि टेनिस कोर्ट बघायला उघडं असण्याचे दिवस आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, पॅलेस उघडा म्हणजे कोर्टही उघडं असं धरून चालू नका, निघायच्या आदल्या दिवशी वेबसाइट बघा.

आत गेल्यावर पहिल्यांदा काहीच कळत नाही हे नक्की. बंद हॉल, उंच भिंती, वरून खिडक्यांचा उजेड, मधे नेट आहे पण ते टोकांना 5 फूट आणि मधे 3 फूट, म्हणजे चांगलंच झोळ पडलेलं. आणि तीन बाजूंनी भिंतीला लागून उतरतं छप्पर, अगदी आपल्या जुन्या वाड्याच्या पडवीसारखं. सर्व्हिस करायची ती या छपरावर, बॉल त्यावरून घरंगळत जाऊन पलीकडच्या बाजूला खाली पडला पाहिजे. सर्व्हिस नेहमी एकाच टोकाकडून होते. समोरच्या टोकाला भिंतीत एक चौकोनी खिडकी आहे, ग्रिल, त्यात थेट बॉल मारला की पॉइंट. त्याच बाजूला मुख्य भिंतीतून तिरका पुढे आलेला एक भाग आहे, टॅम्बूर, त्याला लागून बॉल कुठे वळेल याचा नेम नाही.

सगळ्यात डोकं चालवायला लावणारी गोष्ट म्हणजे चेस (बुद्धिबळ नव्हे). सर्व्ह करणाऱ्याच्या बाजूला बॉलचा दुसरा टप्पा पडला तर पॉइंट लगेच कुणालाच मिळत नाही, तो टप्पा मागच्या भिंतीपासून किती यार्डांवर पडला ते मार्कर, म्हणजे या खेळाचा पंच, बघतो आणि मोठ्याने सांगतो, जमिनीवर त्यासाठीच रेघा मारलेल्या असतात. अशा दोन चेस झाल्या, किंवा गेम संपायला एकच पॉइंट उरला असेल तर एकच, की दोघं बाजू बदलतात आणि तो अडकलेला पॉइंट खेळतात, आता आधी ज्याच्या बाजूला तो दुसरा टप्पा पडला होता त्याने असा बॉल मारायचा की त्याचा दुसरा टप्पा आधीच्यापेक्षा मागच्या भिंतीच्या जवळ पडेल. एकदा हे समजलं ना की मग बघायला प्रचंड मजा येते, कारण नुसता जोर कामाचा नाही, बॉल कापून मारून भिंतीच्या मुळाशी मारायची कला आहे ती. 15, 30, 40 ही आपली ओळखीची मोजणीसुद्धा इथूनच पुढे लॉन टेनिसमध्ये गेली.

आता कोर्टच्या देखभालीबद्दल, कारण मला खरं तर यावरच लिहायचं होतं. या खेळाचे बॉल आजही हाताने बनवतात आणि ते बनवतो क्लबचा प्रोच, म्हणजे जो शिकवतो, मार्करचं काम करतो, रॅकेटला तारा घालतो तोच माणूस. आत कॉर्कचा गाभा, त्यावर कापडी पट्टी घट्ट गुंडाळायची, दोऱ्याने आवळायची, ठोकून गोल करायचा आणि वरून फेल्टचे तुकडे सुईदोऱ्याने शिवायचे. वजन 71 ते 78 ग्रॅमच्या आसपास, आपल्या नेहमीच्या टेनिस बॉलपेक्षा बराच जड आणि किंचित लहान, त्यामुळे टप्पा कमी उठतो. फेल्ट झिजलं की ते काढून नवीन शिवतात, गाभा मात्र वर्षानुवर्षं तोच वापरता येतो. एका कोर्टला अशा बॉलची टोपलीच्या टोपली लागते, म्हणजे हे काम कधी संपतच नाही. संधी मिळाली तर प्रो शिवत बसलेला असताना दोन मिनिटं थांबून जरूर बघा, मला तरी ते मॅचइतकंच आवडलं.

भिंतींचीही तीच कथा. इतका जड बॉल सतत आपटत असतो त्यामुळे साधं प्लास्टर टिकत नाही. 19व्या शतकाच्या शेवटी जोसेफ बिकली नावाच्या माणसाने खास सिमेंटचं प्लास्टर शोधलं, ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत कितीतरी कोर्टांना ते लावलं गेलं, आणि म्हणतात की त्याचं नेमकं मिश्रण त्याच्याबरोबरच गेलं. म्हणून जुन्या भिंतीला तडा गेला की दुरुस्ती फार जपून करावी लागते. दुसरा शत्रू म्हणजे दमटपणा. थंडीनंतर अचानक उबदार दमट हवा आली की गार फरशीवर आणि भिंतींवर ओल धरते, बॉल उसळायच्या ऐवजी नुसता सरकतो आणि खेळ थांबवावा लागतो. जगात अशी वापरातली कोर्टं साधारण 50च आहेत, त्यामुळे एक बंद पडणं परवडण्यासारखं नाही, आणि हे सगळं बरंचसं मेंबरांच्या वर्गणीवर आणि प्रोच्या हातावर चाललंय.

म्हणूनच बूट. खेळायला जाणार असाल तर खूण न पाडणारे सोलच घाला, काळ्या सोलचे अजिबात नको, आणि कपडे पांढरे. बहुतेक रिअल टेनिस क्लब नवख्यांना ओळखीचा तास देतात, रॅकेट तेच देतात, फोन किंवा ईमेल करून प्रोची वेळ घ्यायची. रॅकेट लाकडी असते आणि तिचं तोंड मुद्दाम थोडं वाकडं केलेलं असतं, कोपऱ्यातला खाली राहिलेला बॉल उचलता यावा म्हणून. बॅडमिंटन, स्क्वॉश खेळलेल्यांना लवकर जमतं असं मला वाटतं. हँडिकॅपची पद्धत जगभर एकच आहे, आकडा कमी तितका खेळाडू भारी, आणि त्यामुळे नवशिक्या आणि मुरलेला खेळाडू यांचीसुद्धा खरी चुरशीची मॅच होते. क्लबच्या कॅलेंडरवर बहुतेक स्पर्धा अशाच हँडिकॅपच्या असतात, शिवाय दुसऱ्या क्लबांविरुद्धच्या मॅचेस, तेव्हा जायचा दिवस ठरवताना ते कॅलेंडर समोर ठेवा.

बघताना डेडान्समध्ये बसायचं, म्हणजे सर्व्ह करणाऱ्याच्या मागची गॅलरी. पुढे जाळी असते पण पोरांना जाळीत बोटं घालू देऊ नका, बॉल खरोखर जोरात येतो. रॅली चालू असताना बोलायचं नाही आणि फोटोला फ्लॅश नको.

टॉप लेव्हलचं बघायचं असेल तर ब्रिटिश ओपन वेस्ट केन्सिंग्टनच्या क्वीन्स क्लबमध्ये होते, सहसा नोव्हेंबरात. महिलांमध्ये क्लेअर फेहीचा खेळ बघायला मिळाला तर सोडू नका, 2011 मध्ये ती पहिल्यांदा वर्ल्ड चॅम्पियन झाली आणि पुढेही अनेकदा तिने ती जिंकली. आणि क्रिकेटवाल्यांसाठी, लॉर्ड्सलाही एक रिअल टेनिस कोर्ट आहे, पहिलं 1838चं होतं ते माउंड स्टँडसाठी पाडलं आणि 1900 मध्ये पॅव्हेलियनच्या मागे नवीन बांधलं, तेव्हा लॉर्ड्सची टूर घ्याल तेव्हा गाइडला त्याबद्दल विचारा.

जेवणाचं म्हणाल तर डबा घेऊन जा. मे महिन्यात गेलात तर रस्त्यापलीकडच्या बुशी पार्कमध्ये चेस्टनटची झाडं फुललेली असतात, हरणं मोकळी फिरतात, तिथे बसून खा, फक्त हरणांपासून लांब आणि त्यांना काही खायला देऊ नका.