शातानतांगो, तिसरा प्रयत्न: बैठकांच्या नोंदी

दोनदा अर्धवट सोडलेला, हंगेरियन दिग्दर्शक बेला तारचा 'शातानतांगो' (१९९४) हा सिनेमा अखेर पाहून पुरा झाला. ४३९ मिनिटं, चार बैठका. आधीचे दोन्ही प्रयत्न एका राखाडी, धुरकट डीव्हीडीवर होते. या वेळी ३५ मिमीच्या मूळ निगेटिव्हवरून केलेलं ४के रिस्टोरेशन, म्हणजे साफसूफ करून बनवलेली नवी, जास्त स्पष्ट कॉपी. आधी टीव्हीचं मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम स्वतःच भरून हालचाल सलग करणारी सोय) बंद केलं. ते चालू राहिलं की माणसं रोजच्या मालिकेतल्यासारखी गुळगुळीत सरकतात.

बैठक पहिली, भाग १ ते ३. सुरुवातीचा गाईंचा शॉट सात-आठ मिनिटांचा. जुन्या कॉपीत करडे ठिपके हलायचे, आता भिंतींचे पोपडेसुद्धा दिसतात. मागून जाता जाता आई थांबली. "मालक कुठाय रे यांचा?" मी हसलो, पण सिनेमाचा प्रश्न तोच आहे. सामुदायिक शेती मोडीत निघालीय, कोण कुणाचे पैसे घेऊन पळणार एवढंच उरलंय.

तिसरा भाग डॉक्टरचा. खिडकीशी बसून शेजाऱ्यांच्या हालचाली वहीत टिपतो, पितो, दारू संपली की धापा टाकत पावसात निघतो. मी इथे दोनदा पॉज केला: एकदा फोन, एकदा कुकर. चुकलंच. त्याच्या श्वासाची लय एकदा तुटली की पुन्हा धरता येत नाही, रिवाइंड करूनही.

बैठक दुसरी, भाग ४ ते ६. फोन दुसऱ्या खोलीत. एश्टिके ही लहान मुलगी आणि मांजर यांचा प्रसंग मी यंदाही बोटांच्या फटीतून पाहिला. मांजराला काही झालं नव्हतं, असं तारने नंतर सांगितलंय; माहीत असून उपयोग झाला नाही. पण या बैठकीत एक कोडं सुटलं. तिसऱ्या भागात पावसात एक पोरगी डॉक्टरला बिलगते, तो ओरडतो, ती पळते. तेव्हा ती नुसती वाटेत आलेली. ती एश्टिकेच. पाचव्यात तीच भेट तिच्या बाजूने येते, आणि ती कुठून, काय करून आलीय ते आपल्याला ठाऊक असतं. याच भागात ती गुत्त्याच्या खिडकीतून आतला नाच बघते. सहाव्यात आपण आत, त्याच नाचात, अकॉर्डियन काही केल्या थांबत नाही. मागच्या दोन्ही वेळा मी चौथ्या भागापाशी सोडून दिलं होतं, म्हणजे नेमकं याच्या आधी!

तिसरी बैठक भराभर गेली. गावकऱ्यांना बोलण्यात गुंडाळणाऱ्या इरिमियाशचं काम करणारा मिहाय वीग हाच सिनेमाचा संगीतकार, हे लक्षात ठेवून त्याचं भाषण ऐका. गोड आवाजात गळा कापतो.

चौथ्या बैठकीत दोन कारकून. इरिमियाशने गावकऱ्यांबद्दल लिहिलेला शिवराळ अहवाल ते टाईप करतात आणि एकेक शिवी घासून-पुसून सरकारी भाषेत बसवतात. मध्ये खाण्याची सुट्टी. मी एकटाच मोठ्याने हसत होतो.

शेवटी डॉक्टर खिडकीला फळ्या ठोकतो. अंधार, आणि सुरुवातीचीच वाक्यं पुन्हा. सिनेमा ज्यावर बेतलाय त्या क्रास्नाहोर्कईच्या कादंबरीतही उत्तरार्धातले प्रकरणांचे आकडे उलटे मोजत येतात, सहा ते एक.

पुढची बैठक रविवारी, पुन्हा भाग १. सुरुवातीला फुताकी या गावकऱ्याला जाग आणणारी घंटा या खेपेला हेडफोन लावून ऐकायची आहे.