गाणं, प्रवचन आणि मग मतपेटी

आज दिवसभर कोस्टा रिकाच्या फाब्रिसिओ आल्वारादोंबद्दल वाचत होते. टीव्ही पत्रकार, भक्तिगीतं गाणारे, प्रवचनकार आणि २०१४ साली थेट खासदार! जानेवारी २०१८ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने समलिंगी विवाहाच्या बाजूने मत दिलं. फाब्रिसिओंनी त्याला कडाडून विरोध केला आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत जवळपास २५ टक्के मतं मिळवून सगळ्यांच्या पुढे गेले. एप्रिलमधल्या दुसऱ्या फेरीत मात्र कार्लोस आल्वारादोंकडून हरले (आडनाव एकच, नातं काही नाही).

संध्याकाळी त्यांचं एक गाणं लावलं. स्पॅनिश कळत नाही, पण आवाजातली आर्तता थेट पोचली. आणि म्हणूनच जास्त त्रास झाला. देवाला इतक्या ओढीने हाक मारणारा माणूस कुणाच्या तरी लग्नाविरुद्ध मतं मागतो? मला नाही पचलं. गाणं अर्ध्यावर थांबवलं, पण चाल अजून डोक्यात फिरतेय.